गोधडीचं पोट

मी गोधडी चांगली शिवते. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते आहे, कारण विनय दाखवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये, एका कंपनीत मी चिप तपासायचं काम करायचे. मी पास केलेल्या चिप कुठल्या यंत्रांत बसल्या आणि ती यंत्रं आज कुठल्या कचऱ्यात पडली आहेत, देव जाणे. निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं की आता जे करायचं ते हाताला लागलं पाहिजे. मग मॉरिसव्हिलच्या घरातला सोफा भिंतीला सरकवला, जमिनीवर जुन्या साड्या अंथरल्या आणि लहानपणी काकूकडून शिकलेले टाके पुन्हा घालायला लागले. पहिली गोधडी वाईट झाली. दुसरी बरी झाली. त्यानंतर मात्र माझा हात असा बसला की आता डोळे मिटूनही माझी ओळ वाकडी जात नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत मी स्टॉल लावला. कौतुकाला तोटा नव्हता. "किती गं पेशन्स तुझा!" "अय्या, सो ट्रॅडिशनल!" एक काकू तर म्हणाल्या, "माझ्याकडे क्लॉजेटमध्ये साड्यांचा ढीग पडलाय, तुला देऊ का आणून?" पण एकीनेही गोधडी उलटी करून पाहिली नाही. टाके सारखे पडलेत की नाहीत हे मागूनच कळतं, आणि मला कौतुक नको होतं, पारख हवी होती. त्या दिवशी मी घरी आले ती चांगलीच धुसफुसत.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एक लहान गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावर, जुन्या पशुखाद्याच्या दुकानात, आसपासच्या कारागिरांनी मिळून चालवलेली एक गॅलरी आहे. मालक कुणीच नाही. कुंभारकाम करणारे, लाकूड कातणारे, चित्रं काढणारे, विणणारे असे सगळे सभासद. प्रत्येकाने महिन्यातून ठरलेले दिवस काउंटरच्या खुर्चीवर बसायचं, झाडायचं, काचा पुसायच्या, दुसऱ्याचंही काम गिऱ्हाइकाला तितक्याच आस्थेने दाखवायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीवर एक विणकर बाई होत्या. सत्तरीच्या, ताठ, पांढरे केस बॉयकट केलेले. एका गिऱ्हाइकाने भिंतीवरचा लोकरी गालिचा छान आहे म्हटल्याबरोबर त्यांनी तो खाली उतरवला, उलटा केला आणि म्हणाल्या, "आधी मागून बघा." माझा निर्णय तिथेच झाला. मला या लोकांत बसायचं होतं. मंडळातली हौशी काकू म्हणून नव्हे, कारागीर म्हणून.

सभासद होण्याची त्यांची एक रीत आहे. आपण आपलं काम मोठ्या टेबलावर मांडायचं आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचं. मग जुने सभासद ते हाताळतात, आपसांत बोलतात, मत देतात आणि आपल्याला परत बोलावतात. मला आमच्या वेळचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम आठवला, फक्त पोहे नव्हते. मी न्यायला निवडली होती सासूबाईंच्या पिवळ्या इरकलीची गोधडी. माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम.

परत बोलावलं तेव्हा चेहरे खुशीत होते. गॅलरीचे अध्यक्ष म्हणजे एक कुंभार, दाढीवाले, मवाळ गृहस्थ. ते म्हणाले, असे टाके या इमारतीत आजवर आले नाहीत. विणकर बाई मात्र अजून गोधडी चाचपत होत्या. त्यांची बोटं बरोबर मध्यावर थांबली.

"इथे आत काहीतरी कडक आहे," त्या म्हणाल्या.

"पोळी आहे," मी म्हटलं.

आता हे समजावून सांगणं आलं. आमच्याकडे गोधडी कडेने आत आत शिवत नेतात. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते, तिला पोट म्हणतात. ते बंद करण्याआधी आत पोळीचा एक तुकडा ठेवायचा. गोधडी स्वतःच उपाशी असली तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार, असं काकू म्हणायची. मी तुकडा तव्यावर चांगला कडक करून घालते. हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. अगदी ऐकतच राहतील अशी माझी खात्री होती. ते ऐकत राहिले खरे, पण माझं बोलून झाल्यावर दोघा-तिघांनी गोधडीवरचे हात उचलून घेतले.

"ही माझ्या गालिच्यांशेजारी लागणार," विणकर बाई शेवटी म्हणाल्या. "लोकर आहे ती. एकदा कसर लागून माझ्या हातचं सगळं गेलंय. कापडात खाण्याचा पदार्थ मला चालणार नाही. तो काढ, मग माझं मत तुला."

अध्यक्षांनी मान डोलावली. नियमात बसत नाही, पण एवढा तुकडा काढला की प्रश्नच मिटला, असं ते अगदी गोड बोलले. माझं डोकं सणकलं. मी गोधडीची घडी घातली, म्हटलं, "पोट फाडून मला सभासद व्हायचं नाही," आणि तडक गाडीत येऊन बसले.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "अगं, काढून टाक ना यार. एवढीशी पोळी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हटलं. तो चहा ठेवायला उठला. माझ्याशी इतकी वर्षं संसार केलेला माणूस आहे, त्याला कुठे गप्प बसावं ते कळतं.

पण मला आत कुठेतरी ठसठसत होतं. सभासद होणं मला फार हवं होतं आणि ते मी हातचं घालवून आले होते. चूक माझी नव्हतीच. तरी हवं ते मिळालं नव्हतं.

त्याच आठवड्यात विणकर बाईंचा फोन आला. नमस्कार चमत्कार काही नाही. "माझ्या गराजमध्ये मोठा फ्रीझर आहे. माझी प्रत्येक लोकर आधी दोन आठवडे त्यात राहते. पाय असलेलं काहीही त्यात जगत नाही. तुझं ते पांघरूण घेऊन ये. फ्रीझरमधून निघालं की माझी हरकत नाही."

"पोळीसकट?" मी विचारलं.

"पोळीसकट. मागची बाजू पाहिली आहे मी."

हे त्यांनी इतकं रुक्षपणे सांगितलं की फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने मला आनंद झाला. गोधडी घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. फ्रीझर उघडला तर आत त्यांच्या मुलाने शिकार केलेल्या हरणाचं मांस पुडक्यांत बांधून ठेवलेलं. सासूबाईंची इरकल त्याच्या शेजारी जाणार होती. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई असती तर काय म्हणाली असती गं?"

"म्हणाल्या असत्या, पिशवीचं तोंड नीट बांध." आणि त्या तेच म्हणाल्या असत्या.

अशी मी सभासद झाले. माझी गोधडी कापडी कामाच्या भिंतीवर गालिच्यांशेजारी लागली. मी माझ्या पाळीला खुर्चीवर बसायला लागले, इतरांची भांडी, वाडगे, चित्रं विकायला लागले. गिऱ्हाइकाला गोधडीला हात लावू द्यायचा हे मी पहिल्याच बैठकीत भांडून मंजूर करून घेतलं. विणकर बाई आणि मी फार बोलत नव्हतो, पण पाळी बदलताना त्या मला नवीन गालिचा उलटा करून दाखवायच्या आणि मी जिथे ओळ दबली असेल तिथे बोट ठेवायचे. त्यांना ते आवडायचं, असा माझा अंदाज होता.

मग उन्हाळ्यात कसर आली. भिंतीजवळ बारीक, भुरकट पतंग उडताना दिसले, आणि बाईंच्या सगळ्यात मोठ्या गालिच्याला एक भोक सापडलं. दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना बोलावलं गेलं. मी आत शिरले आणि मला कळलं की माझ्याविषयी आधीच बोलून झालेलं आहे.

"दोष कुणाचाच नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण खाण्याचा पदार्थ असलेली वस्तू इथे एकच आहे. ती आपण उतरवू या. आणि तुझ्या सभासदत्वाचं काय ते पुढच्या बैठकीत शांतपणे बघू."

मी सांगितलं की कसर लोकर खाते, पोळी खात नाही. पोळीला लागतात ते किडे वेगळे. धान्याचे डबे सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बायकांच्या घरात मी वाढले, मला हे शिकवू नका. "तुझं म्हणणं पोचलं," असं अध्यक्ष म्हणाले. या देशात कुणी असं म्हटलं की समजावं, ते पोचलेलं नाही. मी विणकर बाईंकडे पाहिलं. त्या काउंटरच्या खुर्चीत बसून होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

मी गोधडी भिंतीवरून काढली, पॅकिंगच्या टेबलावर पसरली, ड्रॉवरमधली कात्री घेतली आणि पोटाचे टाके कापले.  आतला तुकडा काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. होता तसाच होता, कडक, कोरडा, भोक नाही की भुगा नाही. अध्यक्षांनी भिंगाखाली धरून पाहिला. त्यांच्या बोटांत तो मोडला, त्याचा चुरा झाला, आणि त्यांनी सवयीने कागद गोळा करून कचऱ्यात टाकला.

विणकर बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, खुर्चीकडे होतं. तिच्यावर लोकरीची एक जाड उशी होती, इतकी वर्षं सगळे सभासद जिच्यावर बसत आले ती. बाईंनी तिची शिवण उसवली. आत पांढरं जाळं आणि वळवळणाऱ्या अळ्या.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "गॅलरी उघडली तेव्हा मीच करून दिली होती. फ्रीझर त्यानंतर आला." त्यांनी ती काळ्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि स्वतः बाहेर नेली.

मी जिंकले होते. सगळे माझ्याकडे ओशाळून बघत होते. आणि मला रडू कोसळलं. टेबलावर गोधडी पोट उघडं टाकून पडली होती. ते मी माझ्या हाताने फाडलं होतं, मी खरी ठरावे म्हणून. ज्यांच्या पारखीसाठी मी इथे आले होते त्यांना माझे टाके पुरले नव्हते, हे मला फार लागलं.

बाई हात धुऊन परत आल्या. "आता आत काय घालणार?"

"घरी जाऊन पोळी करीन."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत राहील उपाशी."

त्या मागच्या खोलीत गेल्या आणि आपला जेवणाचा डबा घेऊन आल्या. दालनात खाण्याचं काही आणायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला होता.  डब्यात मक्याच्या पावाचा चौकोन होता, त्यांनी घरी भाजलेला. त्यांनी त्याचा कोपरा मोडला आणि माझ्यापुढे धरला. "हा चालेल का?"

 मी मान डोलावली. त्यांनीच तो आत ठेवला. मी सुई मागितली, तर त्यांनी एप्रनच्या खिशातून स्वतःची सुई काढली. तिच्यात विटकरी लोकरीचा दोरा ओवलेला होता.

"द्या, मी घालते टाके," मी म्हटलं.

"नको. उघडायला आम्ही लावलं तुला. मी बंद करते."

विणणं वेगळं आणि शिवणं वेगळं. इरकलीच्या मऊ सुतावर ती जाड लोकर फार वाईट दिसत होती. टाके लांब, एक वर, एक खाली. माझी बोटं शिवशिवत होती, दोन-तीनदा तर मी सुई हातातून ओढून घेणारच होते. पण मी कापड ताणून धरलं आणि त्या गाठ मारेपर्यंत सोडलं नाही. मग दोघींनी मिळून गोधडी पुन्हा फ्रीझरसाठी पिशवीत भरली. सभासदत्वाची बैठक झालीच नाही, आणि कुणी तिचा विषयही काढला नाही.

आता ती परत भिंतीवर आहे. पिवळ्यावर मधोमध तो विटकरी गोळा लांबूनही दिसतो. नवऱ्याने पाहिला आणि म्हणाला, "अगं, ते तेवढं उसवून तुझ्या दोऱ्याने नीट करून टाक ना, तुला चैन पडायची नाही." त्याचं खरं आहे, खुर्चीवर बसले की माझी नजर सारखी तिथेच जाते आणि मला चैन पडत नाही. पण ते टाके त्यांचे आहेत. ते उसवणारी मी कोण?