रेघ सपाट होऊ द्या

सकाळी लॅबमध्ये आल्या की पर्स ठेवायच्या आधी मॅडम डिटेक्टरच्या पत्र्यावर तळहात ठेवायच्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते, तसा. पत्रा गरम लागला तर दिवस चांगला. गार लागला की आमची सगळ्यांची शाळा. "दिवा काऊन नाई लावला?" आम्ही एकमेकींची तोंडं पाहायचो. डिटेक्टरच्या आतला दिवा महाग, त्याचं आयुष्य मोजकं, म्हणून तो उशिरा लावा असं लॅबच्या मालकानं, शेठनंच सांगितलेलं असायचं. पण शेठला कोण बोलणार? मॅडम बोलायच्या.

आमची लॅब मेहकरची, खासगी. हळद, मिरची, शेंगदाणे असा माल येतो आणि त्यात बुरशीचं विष आहे की नाही ते आम्ही पाहतो. मालाचा अर्क एका बारीक नळीतून ढकलायचा. त्यातले पदार्थ एकामागून एक बाहेर पडतात आणि नळीच्या तोंडाशी डिटेक्टर पहारा देत बसलेला असतो. आमच्याकडे तसे दोन. एकाला प्रकाश गिळणारा पदार्थ दिसतो, दुसऱ्याला प्रकाश पडल्यावर चमकणारा. बुरशीचं विष चमकतं, म्हणून ते दुसऱ्याचं काम. पडद्यावर रेघ चालत राहते. पदार्थ आला की रेघेला त्याच्या ठरलेल्या जागी उंचवटा येतो, नाही आला तर रेघ सपाट. मात्र दिवा नीट तापलेला नसला की रेघ उगाच वरखाली होते, आणि तेव्हा नमुना सोडला तर उत्तराचा भरवसा नाही.

"रेघ सपाट होऊ द्या, मंग बोला." हे मॅडमचं वाक्य. मशीनसाठी होतं, पण माणसांनाही तेच. एकदा एक व्यापारी नापास रिपोर्ट हातात घेऊन तणतणत आला. मॅडमनी त्याला पाण्याचा ग्लास दिला, पडद्यासमोर बसवलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. तो बिचारा खरंच ती हलणारी रेघ पाहत बसला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "झाली वाटते सपाट." मग दोघं बोलले, आणि चहाही झाला.

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. सोबत काम करताना जीव नकोसा करतात, आणि सुट्टीवर गेली की करमत नाही. मॅडम पन्नाशीच्या, सोनाळ्याच्या, आवाज खणखणीत. 'चालते' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? भुकेच्या वेळेला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायच्या.

एका उन्हाळ्यात डोणगावच्या बचत गटाची हळद आली. गटाची प्रमुख बेबीताई. गावच्या व्यापाऱ्याला हळद न देता थेट पुण्याच्या खरेदीदाराला द्यायची, हे तिनं एकेका बाईच्या घरी जाऊन पटवलेलं. नवऱ्यांनी नाकं मुरडली होती. व्यापारी चावडीवर म्हणत होता, बायकांची हळद, पाहू कुठपर्यंत जाते. हळद नापास झाली असती तर बेबीताईच्या शब्दाला गावात कुत्र्यानंही विचारलं नसतं.

नमुना सोडला आणि बरोबर विषाच्या जागी उंचवटा आला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथंच. शेठ म्हणाले, खरेदीदाराचे फोन येऊन राहिले, नापास लिहा आणि मोकळं व्हा. शेठ वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घाई असायची.

मॅडम पडद्याला नाक लावून बसलेल्या. विषाचा उंचवटा बारीक आणि सरळ येतो. हा पोट सुटल्यासारखा, एका अंगाला कललेला.

"मॅडम, जागा तीच आहे ना?" शेठनं विचारलं.

"जागा तेच हाय. मानूस तो नाई."

शेठचा पारा चढला. तुम्ही सही करत नसाल तर ही करेल, म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी मान न वळवताच सांगितलं, "तिले कायले मधात घालता? काय बोलाचं ते माह्याशी बोला."

मग त्यांनी रिकामी झालेली नमुन्याची पिशवी उचलली आणि हुंगली. पांढरीशुभ्र कापडी पिशवी, चक्क इस्त्री केलेली. आमच्याकडे जांभळ्या दिव्याची एक अंधारी पेटी आहे. त्यात पिशवी ठेवली आणि मॅडमनी मला हाक मारली. पिशवी निळी चमकत होती. लग्नात डीजेच्या दिव्यांत पांढरा शर्ट चमकतो, अगदी तशी. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जी चमक घालतात, ती पिशवीतून हळदीला लागली होती, आणि चमकणारं दिसलं की आमचा डिटेक्टर बोट दाखवतो. त्याचं कामच ते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही डोणगाव गाठलं. काचेच्या बाटल्यांची पेटी माझ्या मांडीवर. मॅडमनी पिशवीचं विचारलं तेव्हा बेबीताईचा चेहरा उतरला.

"लॅबमंदी जाते म्हनून मीच दोनदा धुतली, मॅडम. मळकी पिशवी पाठवली तं तुम्ही काय म्हनसान?"

मॅडम रागावतील असं मला वाटलं होतं. त्या पोत्याजवळ खाली बसल्या. "हळद पास होईन का नाई, हे मी आज सांगत नाई. पन पिशवीच्या गुन्ह्यासाठी हळदीले फाशी नाई देनार." मग एकेका पोत्यातून त्यांनी स्वतःच्या हातानं नमुना घेतला.

बेबीताई आमच्यासोबतच मेहकरला आली आणि पडद्यासमोर बसून राहिली. दिवा तापला, नमुना सोडला. विषाची जागा आली आणि गेली. रेघ जागची हलली नाही.

"काय निघालं?" बेबीताईनं विचारलं.

"काहीच नाई," मॅडम म्हणाल्या. "तुमची हळद चांगली हाय."

बेबीताईनं तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरून आले. मॅडमनी आम्हा दोघींना बाहेर काढलं, मशीनजवळ ओलं काही नको म्हणून.

पुढच्या वर्षी शेठच्या मेहुण्याचे शेंगदाणे आले. उंचवटा आला, बारीक आणि सरळ. शेठ म्हणाले, त्या बायकांसाठी डोणगावला गेलात, आता आमच्यासाठीही जरा पाहा. मॅडम म्हणाल्या, हाव, पाहते. त्या मेहुण्याच्या गोदामात गेल्या, पोत्यापोत्यातून काचेच्या बाटलीत नमुने घेतले, दिवा तापवला. उंचवटा तिथंच, तसाच. त्यांनी नापास लिहून सही केली. महिनाअखेरीला शेठनं त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

जाताना त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. पत्र्यावर तळहात ठेवून जरा उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "पोरी, दिवा आठाले लावत जाय." सोनाळ्याला त्या आता पोरांना रसायनशास्त्र शिकवतात म्हणे. त्या पोरांची मला कीवही येते आणि हेवाही वाटतो.

परवा बेबीताई आली. या हंगामाची हळद घेऊन, काचेच्या बरणीत. आत पाहत म्हणाली, "मॅडम कुठं हाय?"

मी सांगितलं. ती बरणी पोटाशी धरून दारातच थांबली.

"मंग आता पाहाते कोन?"

लॅबमध्ये सहीचा अधिकार आता माझा आहे. बेबीताईच्या मागोमाग मेहुण्याच्या यंदाच्या शेंगदाण्यांचा नंबर होता, आणि शेठ सकाळपासून माझ्याशी फार गोड बोलत होते. मी पत्र्यावर हात ठेवला. गरम होता. आठलाच लावला होता मी दिवा.

"मी पाहते," मी म्हटलं. "बसा बेबीताई. रेघ सपाट होऊ द्या."