कौलांखालचा कागद
तापलेल्या डांबराचा वास आला की मला माझा बघण्याचा कार्यक्रम आठवतो. ऐन मे महिना, औरंगपुऱ्यातलं आमचं कौलारू घर, आणि नवऱ्या मुलाच्या मामांच्या पोह्यांत वरून एक काळा तुकडा पडला. मामांनी तो चिमटीत चुरला, हुंगला आणि ते वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, कौलं झकास हायती, पण खालचा डांबरी कागद उन्हानं पार करपलाय. पावसात घर गळणार. वरून कळत नाय बघा. पोरगी बी तशीच नाय ना?" सगळे खदखदले, सर्वांत मोठ्यानं नवरा मुलगा. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून वडीलसुद्धा हसले, तेही हात जोडून. मी पदर सावरला आणि गोड आवाजात म्हणाले, "व्हय मामा, वरून बघून लई फसायला होतं. नवरदेवाची टोपी काढा की जरा, उकडत असंल." कोणी हलेना, तेव्हा मीच ती उचलली. कपाळ थेट मानेपर्यंत गेलेलं! बिचाऱ्याचे डोळे भरून आले. स्थळ अर्थातच गेलं, वडील कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण ते भरलेले डोळे आठवले की आजही मला जेवण गोड लागतं.