सुलभाताईंचं पाकीट

मुलुंडच्या सुलभा परबांवर अन्याय झाला तो गेल्या हरतालिकेला, दुपारी पोस्टमन आला तेव्हा. नवरा परदेशात. तिथल्या कोर्टाची नोटीस होती: घटस्फोट आणि सहा वर्षांच्या मुलीचा ताबा, अमुक तारखेला हजर राहा. ती तारीख उलटून पंधरा दिवस झाले होते! मागाहून निकाल आला, मुलगी बापाची. दिवाळीत तो तिला न्यायला येणार होता.

म्हणून सुलभाताई आणि मी अंधेरीला निघालो. परदेशी कोर्टांचे निकाल आपल्याकडे कसे मानायचे, याचा सरकारला सल्ला द्यायला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात तज्ज्ञ जमले होते. आमच्या महिला मंडळाला निरीक्षक म्हणून बोलावणं होतं. निरीक्षकाने गप्प बसायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. असतं तरी फरक पडला नसता.

बसमध्ये पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर. शाई ओली, भांडुप जाईपर्यंत माझ्या पांढऱ्या सलवारीवर ‘निषेध असो’ उलटा उमटला. पवईला तलाव दिसला. काठावर म्हशी, पाण्यावर जलपर्णी. मी सुलभाताईंना साम्राज्यवाद समजावत होते.

“गो, जरा गप ऱ्हव (राहा),” त्या म्हणाल्या. “तलाव बघ.”

हॉटेलच्या दारात गठ्ठा पाहून दरवानाने अडवलं. “सामान पीछे के गेट से!”

“हम तज्ज्ञ हैं!” मी ओरडले. आवाजामुळे असेल, पण सोडलं त्याने.

आत कमालीचा गारठा. चहाबरोबर काकडीचे सँडविच, एका घासाचे. सुलभाताईंनी सरळ डबा उघडून घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार डोसे) काढले. शेजारचे प्राध्यापक दोन खाऊन गेले.

मग मी उठले आणि बोलले. खूप बोलले. पत्रकाच्या घड्या घालून लोक वारा घेऊ लागले, त्या गारठ्यात. शेवटी एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, “बाई, तुम्हाला नेमकं हवंय काय?”

मी तोंड उघडलं.

“तुम्हाला नव्हे. यांना विचारतोय.”

सुलभाताई उभ्या राहिल्या. “माझी बाजू न ऐकता दिलेलो निकाल हयसर (इथे) चालवू नका. बस.”

दीड महिना मी त्यांच्यासाठी लढत होते. हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता.

“नोटीस उशिरा पोचली, याला पुरावा?”

“पाकीट आसा ना. मागे मुलुंडच्या पोस्टाचो शिक्को आसा.”

“मग ते घेऊन दिवाळीआधी इथल्या कोर्टात जा. आणि मलाही दाखवा, सरकारला द्यायच्या मसुद्यात असं कलम घालायला उदाहरण होईल.”

सुलभाताई माझ्याकडे वळल्या. “तुझ्याकडे दिलंय ना गो?”

दिलं होतं. आमच्या मंडळात कागदाची कोरी जागा दिसली की त्यावर पत्रक लिहायचं, ही शिस्त. त्या पाकिटाच्या मागे मी पत्रकाचा मजकूर लिहिला आणि मुलुंडच्या छापखान्यात देऊन आले.

परतीच्या बसमध्ये तलाव आला तसा गेला.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या नानांनी चष्मा वर केला. “मजकूर छापला की कागद तारेला खोचतो. शनिवारी बंब पेटवायला नेतो.”

शुक्रवार होता.

पाकीट निघालं. तार माझ्या घोषणेतून आरपार गेली होती. शिक्का बोटभर अंतरावर, तारखेसकट शाबूत. माझ्या ओळी त्याला वळसा घालून लिहिल्या होत्या. म्हणजे लिहिताना तो मला दिसला होता.

“घोषणेक भोक पडला तां बरा झाला,” सुलभाताई म्हणाल्या, आणि पाकीट त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मला हातही लावू दिला नाही.

आता ते इथल्या कोर्टात आहे. दिवाळी झाली. कोर्टाच्या मनाईमुळे मुलगी अजून मुलुंडच्याच शाळेत जाते. निकाल लागायचा आहे. तज्ज्ञांच्या मसुद्याचाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, परदेशी कोर्टाचं पाकीट आलं तर नोटिशीसोबत तेही जपा. आणि आजच कायदा मंत्रालयाला एक पोस्टकार्ड टाका: ‘नोटीस वेळेत पोचल्याचा पुरावा नसेल, तर तो निकाल इथे चालवू नका.’ एवढंच लिहा. घोषणा नकोत. त्या माझ्याकडे गठ्ठाभर पडल्यात.