खुलताबादच्या चढावर अडलेली गाडी

धुळ्याहून आम्ही सकाळी सातला निघालो. करमाडला शैलाची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण आक्का शेवटच्या आजारात होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. आई गेल्यावर शैलाला आक्कानंच वाढवलं, त्यामुळे ती बहिणीकडे नव्हे, आईकडेच निघाली होती. "अहो, एसटीनं जाऊ या," असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती, कारण आमची गाडी चढावर दोनदा अडखळली होती. एवढी दणकट गाडी दारात असताना एसटी कशाला, असं म्हणून मी तो विषय संपवला.

चाळीसगाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. कन्नडच्या घाटात गाडी थरथरू लागली. कितीही दाबलं तरी जोर येईना, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. कसेबसे वर चढलो. कन्नडच्या गॅरेजवाल्यानं प्लग गेलेत असं सांगून चारही बदलले. त्यात दीड तास मोडला. गाडी मात्र छान धावू लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

वेरूळला लेण्यांपाशी सहलींच्या बसगाड्या लागल्या होत्या. तिथून खुलताबादचा चढ सुरू होतो. अर्ध्या चढावर पुन्हा तेच. पहिल्या गियरमध्ये गचके खात गावाच्या वेशीपर्यंत आलो. जुना तट, दर्ग्याच्या वाटेवर फुलांच्या चादरींची दुकानं, पेरूच्या पाट्या. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. तेव्हा मी फक्त एखादं गॅरेज दिसतं का ते शोधत होतो.

वेशीजवळ मुश्ताकभाईंचं गॅरेज होतं. साठीचा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून प्लगला वीज देणाऱ्या एकेका कॉइलची जोडणी काढून पाहिली. तीन वेळा इंजिनाचा आवाज पडला. एकदा काहीच फरक पडला नाही.

"साहेब, तीनच सिलिंडर चालू हैत," ते म्हणाले. "तीन नंबरचा काम करंना."

"प्लग आत्ताच बदललेत."

"हौ (हो), नवेच दिसतेत. प्लगचा कसूर (दोष) नाय."

त्यांनी तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावली आणि तिथली तीनला. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर एक नंबरला गेला असता. तो तीनमध्येच राहिला. मग त्यांनी तिथला प्लग काढून नाकाशी धरला. तो पेट्रोलनं ओला होता. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती.

शैला खाली उतरली. समोर शहराकडं जाणारी एसटी उभी होती. "मी हिनं पुढं जाते," ती म्हणाली. "तुम्ही या मागून."

"आता होईलच. बसायला जागा नाही त्यात, आणि पुढं पुन्हा गाडी बदलायची. थांब जरा."

मुश्ताकभाईंनी मान वर केली. "साहेब, मी किती वेळ लागंल ते सांगू शकत नाय. बाईंना जाऊ द्या."

तरी मी म्हणालो, "थांब." ती थांबली. एसटी गेली.

थोड्या वेळानं भाच्याचा, दिनूचा, फोन आला. त्यानं फोन आक्काच्या कानाशी धरला असावा. कारण शैलाचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"आले गं आक्का. करमाडातच आलेय. आलेच."

खुलताबादच्या वेशीत उभ्यानंच फोन ठेवून तिनं पदर तोंडात धरला. मी इंजिनाकडं बघत राहिलो.

दोष सापडला तो शेवटी वायरीत. मुश्ताकभाईंनी टेस्टरचा दिवा लावून वायर हलवली की तो विझे, सोडली की लागे. प्लास्टिकच्या नळीआड उंदरानं वायर कुरतडली होती. एखाददुसरी तार शिल्लक होती, आणि चढावर इंजिन हललं की तीही सुटायची. त्यांनी वायर कापून नवा तुकडा जोडला. वीस मिनिटांचं काम. शोधायला पावणेतीन तास गेले होते.

दौलताबादचा किल्ला, शहरातली गर्दी, जालना रस्ता. करमाडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. घराचं दार सताड उघडं होतं आणि ओट्यावर माणसं खाली बसली होती.

दिनू पुढं आला. त्याला कसलाच राग नव्हता. "मावशी, तू करमाडात आलीस म्हणलीस ना, तर आईनं खाट दाराकडं फिरवायला लावली. लई वेळ रस्त्याकडं बघत व्हती. आत्ता, अर्धा तास झाला."

शैलानं खाटेपाशी बसून आक्काचे केस सारखे केले. ती रडली नाही. मी दारात चपला हातात धरून उभा होतो, आत जावं की न जावं हे मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सावडणं (अस्थी गोळा करणं) आटोपून आम्ही परत निघालो. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "थांबले मीच ना." यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाड्या बिघडतात, दुरुस्त होतात. पण त्या एसटीनं ती जात असताना मी तिला थांबवलं, त्याला कुठलं गॅरेज नाही.

कन्नडचा घाट उतरताना ऊन सौम्य होतं आणि खाली चाळीसगावकडचं सपाट रान दूरवर पसरलं होतं. शैला काचेला डोकं टेकून बसली होती. ती म्हणाली,

"आता छान चालतीय गाडी."

आणि मग ती रडायला लागली. इंजिन इतकं शांत होतं की मला तिचा प्रत्येक हुंदका ऐकू येत होता.