फुकटची गाडी

टायरस पेटवे हा माझ्या बहिणीचा मुलगा. त्याच्या बापाने, एल्रॉयने, त्याला पहिली थप्पड मारली तेव्हा पोर धड चालतही नव्हतं. दूध सांडलं होतं, एवढंच. ओठ फाटला, टाका पडला, आणि तो टाका अजून हसताना दिसतो.

मी शाळेसमोरच्या चौकात पोरांना रस्ता ओलांडून देते. गळ्यात शिट्टी असते, घरी आले तरी काढायची आठवण राहत नाही. एल्रॉय माझ्या बहिणीला, लोरीनला, पट्ट्याने मारायला लागला की मी आमच्या घरांमधल्या कुंपणापाशी येऊन शिट्टी फुंकायचे. कुत्री भुंकायची, शेजारी दारात यायचे, एल्रॉय मात्र एकदाही थांबला नाही. लोरीनचा जबडा मोडला त्या दिवशी तर वर मलाच म्हणाला, "व्हर्डेल, फुंक अजून. तालावर मारतो." असा हा माणूस.

पुढे तो दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला. लोरीन कोंबड्यांच्या कारखान्यात पंख कापत राहिली आणि टायरस दरवाज्याएवढा वाढला. आमच्या अलाबामात फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. पोटातला सगळा राग त्याने मैदानात ओतला. शाळेत असतानाच एकाची बरगडी मोडली, दुसऱ्याचा खांदा निखळवला, आणि लोक बाकांवर उभे राहून टाळ्या पिटत होते. प्रशिक्षकाने त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती: शिट्टी होईपर्यंत तोड, शिट्टी झाली की सैतान समोर असला तरी हात खाली.

विद्यापीठाने त्याला खेळासाठी घेतलं. हल्ली कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींची कमाई घेता येते. आमच्या वेळी कुणी फुकटचं बर्गर खाल्लं तरी चौकशी लागायची. टायरसला एका मोटारविक्रेत्याने गाठलं. कॅमेऱ्यापुढे धावत येऊन एका जुन्या गाडीचं दार खांद्याने चेपायचं आणि विक्रेत्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "आता यांची गाडी चेपून दाखवा!" खांदा आठवडाभर काळानिळा होता. बदल्यात काळी कुळकुळीत पिकअप गाडी, त्याच्या नावावर, आणि वर थोडी रोख. रोख लोरीनच्या गळक्या छपरात गेली.

गुळाचा वास लागला की मुंगळा येतोच. एल्रॉय आला. "कॉलेजात गाडी लावायला जागा नसते रे पोरा. मी सांभाळतो. विमाबिमा सगळं मी बघतो." टायरसने किल्ली काढून दिली. मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"का दिलीस रे मेल्या?"

"त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, मावशी. नाहीतर नुसता मारायचाच."

त्यानंतर दर रविवारी एल्रॉय ती गाडी चर्चच्या ऐन दारात लावायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझ्या पोराची कमाई." ज्या लोरीनचं तोंड आजही नीट उघडत नाही, ती मागच्या दाराने आत जायची.

विद्यापीठात खेळाडूंसाठी पैशाचा वर्ग होता, नाही असं नाही. पण तो सरावानंतर. पोरं गुडघ्याला बर्फ बांधून, फुटलेल्या नाकात कापूस कोंबून यायची आणि भिंतीला टेकून झोपायची. टायरसही झोपला. म्हणून फेब्रुवारीत विक्रेत्याकडून कागद आला तेव्हा त्याला वाटलं, कौतुकाचं पत्र असेल. मी त्यावर करखात्याचं नाव बघितलं आणि त्याला माझा कर भरून देणाऱ्या बाईकडे घेऊन गेले.

"गाडीची किंमत बासष्ट हजार डॉलर," बाई म्हणाल्या. "ती तुझी कमाई धरली जाते."

"पण गाडी तर भेट दिलीय त्यांनी."

"भेट कसली? तू काम केलंस, त्यांनी मजुरी दिली. नोटांऐवजी चाकांवर दिली, एवढाच फरक."

"मग कर त्यांनीच कापला असेल ना? मम्माच्या पगारातून कापतात तसा?"

"तुझी मम्मा नोकर आहे. तू धंदेवाला. तुझं तूच भरायचं."

सगळा मिळून कर निघाला सतरा हजारांच्या वर. मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत. टायरसच्या खात्यात नवे बूट येतील एवढेच पैसे होते. त्याने आपल्या फावड्याएवढ्या हातांनी तो कागद पुन्हा उलटून पाहिला.

"गाडी विकून टाक," बाई सहज म्हणाल्या. "कर भागेल, वर हातात बरेच उरतील."

बाईंचं बरोबरच होतं, पण त्यांनी एल्रॉयला पाहिलं नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मी टायरसबरोबर एल्रॉयच्या अंगणात गेले. तो गाडी धूत होता. फेस, बादली, रेडिओवर गाणी, सगळा थाट.

"डॅडी, किल्ली दे. गाडी विकायचीय. त्याच गाडीवर कर भरायचाय."

"बक्षिसावर कर? कुणी येडा बनवला तुला? ह्या म्हातारीने?"

"म्हातारा तुझा बाप," मी म्हणाले.

"बक्षीस नाहीये ते, डॅडी. मजुरी आहे. माझी."

ते 'माझी' एल्रॉयला झोंबलं. त्याने फडकं खाली टाकलं, गाडीच्या हौद्यातून घण काढला आणि म्हणाला, "तुझी काय? घे मग तुझी!" पहिला घाव समोरच्या काचेवर बसला. मग दिवे, मग बॉनेट, मग दारं. काचेचे तुकडे माझ्या पायांपर्यंत उडाले. टायरस जागचा हलला नाही.

"डॅडी... विमा भरलायस ना?"

एल्रॉय दम खात हसला. "कसला विमा?"

प्रत्येक घावागणिक गाडीची किंमत उतरत होती आणि कर होता तिथेच होता. एवढ्यावर एल्रॉयचं भागलं नाही. तो वळला. "आता तो गुडघा. मग बघू कोण देतंय तुला गाड्या!" आणि घण फिरवला. टायरस मागे सरला म्हणून गुडघा वाचला. घण नडगी सोलत गेला आणि आतलं पांढरं हाड दिसलं.

मग टायरस खाली वाकला आणि मैदानात घुसतो तसा घुसला. खांदा एल्रॉयच्या पोटात, दोघे मिळून फुटक्या दारावर, तिथून जमिनीवर. एल्रॉयचा हात खाली दुमडला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? टायरस त्याच्या छातीवर बसला. एक ठोसा, दुसरा, तिसरा. दात साबणाच्या फेसात पडले. एल्रॉयची मान आता नुसती लोंबत होती आणि ठोसे थांबत नव्हते. मी टायरसच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पट्टा घेतलेला एल्रॉय दिसला, तंतोतंत तोच.

मी शिट्टी फुंकली.

उचललेली मूठ हवेतच थांबली. हात खाली आले. टायरस उठला, दोन पावलं मागे सरला आणि मान खाली घालून उभा राहिला. नडगीतून रक्त बुटात उतरत होतं.

एल्रॉय रक्त थुंकत हसायचा प्रयत्न करत होता. "बघितलंस, व्हर्डेल? माझंच रक्त आहे."

"नाही रे," मी म्हणाले. "तू कधी थांबलास?"

भंगारवाल्याने गाडीचे चार हजार दिले. ते सरकारला गेले. उरलेल्या कराचे हप्ते बांधून मिळाले, त्यावर व्याज. पुढच्या मोसमात एका फर्निचरवाल्याने जाहिरातीच्या बदल्यात सोफा देऊ केला तेव्हा टायरस म्हणाला, "रोख द्या. सोफ्यावरही कर लागतो." आलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा त्याने करवाल्या बाईंच्या समोरच करासाठी बाजूला काढला. लोरीन पहिल्यांदा तोंडभर हसली, दुखत असूनही.

एल्रॉयने पोलिसांना सांगितलं की गाडी धुताना पाय घसरला. लाज वाटली असेल, दुसरं काय. हात वाकडाच जुळला. इस्पितळाचं बिल मात्र त्याने निर्लज्जासारखं टायरसकडे पाठवून दिलं. टायरस ते हप्त्याहप्त्याने भरतोय असं कळलं तेव्हा मी त्याच्या खोलीवर जाऊन त्याला फाडून खाल्लं.

"त्या राक्षसाचं बिल तू भरतोस? ज्याने तुझी गाडी फोडली त्याचं?"

टायरसने नडगीवरची खूण चोळली.

"गाडी मी फोडली नाही, तरी तिचा कर भरतोय ना? हात तर मीच मोडलाय, मावशी."