मधली मंडळी

निकम सर ओळख झाली की हात हातात घेत आणि दंडामागची कातडी चिमटीत धरून बघत. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा मलाही तसंच धरलं. मी दचकलो. ते म्हणाले, "घाबरू नका. कातडीची विचारपूस सगळे करतात, हाडांचीही करतात. मधल्या मंडळींना कोण विचारतं?"

मधली मंडळी म्हणजे कातडीखालची चरबी. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या या काडीसारख्या माणसाला तिचं भारी कौतुक. थंडीत सकाळी बाकावर बसलो की माझ्या पोटाकडे बघून म्हणत, "तुमचं बरंय, स्वेटर अंगातच! देवमासा याच्याच जिवावर गार समुद्रात फिरतो." बेडकाला हा थर जवळजवळ नसतोच, हे सांगताना त्यांना बेडकाची कीव येई.

मला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा पोटाची घडी धरून टोचायला त्यांनीच शिकवलं. "औषध मधल्या मंडळींकडे द्यायचं, ती सावकाश पुढं पोचवतात. पण रोज जागा बदला." मला बेंबीच्या डावीकडे न दुखणारी जागा सापडली. मी तिथंच टोचत राहिलो.

साखर चढू लागली. मी गोड खाल्लं नव्हतं, पण सूनबाई मानेना. रोजची उलटतपासणी चुकवायला मी म्हणालो, "निकम सर आग्रह करतात."

ती खाली जाऊन त्यांना म्हणाली, "सर, बाबांना गोड देत जाऊ नका." त्यांच्या घरी चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी ते एवढंच म्हणाले, "बरं, बेटा."

दुसऱ्या दिवशी बाकावर मला विचारलं, "काय हो, मी जिलबी दिली की पेढा? निदान मला तरी कळू द्या!" मी कबूल केलं की गोड खाल्लंच नव्हतं, चौकशी टाळायला त्यांचं नाव घेतलं. पण त्यांचं डोकं पुढं गेलं होतं. "खाल्लं नाही, तर चढली कशी? शर्ट वर करा." बोटं एका गाठीवर थांबली आणि तोंडातून त्यांच्या गावची, सटाण्याची बोली निघाली, "हाई काय शे?" मग हसले. "इथं दुखत नाही ना? रोज टोचून मंडळी फुगून बसलीत, औषध पुढं सोडत नाहीत. आधी डॉक्टरांना दाखवा, मगच जागा बदला."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. साखर उतरली. घरी सगळे म्हणाले, सरांनी गोड देणं बंद केलं म्हणून. मी ते तसंच चालू दिलं.

यंदाच्या थंडीत सर गेले. त्यांच्या मुलीला भेटून जिना चढताना सूनबाई म्हणाली, "माणूस भला होता. गोडाचं तेवढं सोडलं तर."

"त्यांनी मला साखरेचा कणही दिला नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

 ती वळून पायऱ्या उतरू लागली.

"कुठं निघालीस?"

"त्यांच्या मुलीकडे. मी तेव्हा तिलाही फोन करून सरांची तक्रार केली होती, बाबा."

"थांब," मी कठडा धरला. "मी सांगतो."