दोन जीबीत भागवणारी माणसं

जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून घ्यायला माणूस येतो मशीन घेऊन, आणि बोलत बसतो स्वतःबद्दल. इन्स्टॉल व्हायला तासभर लागतो, तेवढा वेळ तो तरी काय करणार? असे किस्से साठत जातात. माझ्या घरी ते ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी चाकणच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. युनिक्सवर चालणारे, कधी न कुरकुरणारे. पुढे कंपनीने प्लांट गुजरातला हलवला, मी काही हललो नाही. आता थेरगावात, डांगे चौकाजवळ, रफिकभाईंच्या रिपेअरिंगच्या दुकानात एक टेबल टाकून बसतो. हार्डवेअर त्यांचं, सॉफ्टवेअर माझं. दोन जीबी रॅम, घरघरणारा पंखा आणि नवीन विंडोज झेपत नाही, असा लॅपटॉप आला की ते न बघताच माझ्याकडे सरकवतात.

* * *

शिंदेकाका टूलरूममधून रिटायर झालेले. त्यांचा लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. मी हलकंफुलकं लिनक्स टाकून दिलं, मिनिटाच्या आत स्क्रीन हजर! काका खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत.

"काय झालं काका, अडकतोय का?"

"नाही हो. फार पटकन चालू होतो!"

"मग?"

काका जरा घुटमळले. "पूर्वी बटण दाबलं की तो चालू होईपर्यंत मी हिच्याशी बोलत बसायचो. आता मी लगेच बातम्यांत घुसतो. ही म्हणाली, 'दिवसभरात तेवढंच बोलत होतात, तेही गेलं. जा, होता तसा करून आणा.'"

मी मशीनला सुरुवातीलाच दहा मिनिटं थांबायला सांगणारी एक ओळ टाकून दिली. रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "तीस साल दुकान चालवतोय. स्लो करून दिलेलं हे पहिलंच मशीन!"

* * *

कंपनीत आम्ही पाच जण लिनक्सवेडे होतो. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. प्लांट हलल्यावर कोणी बंगळुरूला गेलं, कोणी कॅनडाला, ग्रुप थंड पडला. मी मात्र दर रविवारी एखादा प्रश्न टाकायचो. बुधवारपर्यंत कोणी बोललं नाही, की उत्तरही मीच टाकायचो!

वर्षभर असं चाललं. मग एका बुधवारी मुद्दाम साफ चुकीचं उत्तर टाकलं. म्हटलं, निदान भांडायला तरी कोणी येईल.

लगेच कॅनडावाल्याचा मेसेज आला. "राव, मी केव्हाच विंडोजवर गेलो. पण ग्रुप सोडला तर तू एकटा पडशील, म्हणून थांबलोय."

खाली उरलेल्या तिघांचे अंगठे.

* * *

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर रोज सकाळी बॅकअप आपोआप होतो. झाला की सिस्टीम मला आतल्या आतच एक मेल टाकते. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडलं की ओळ येते, 'यू हॅव न्यू मेल'. पाठवणारा मीच, घेणारा मीच. तरी ती ओळ बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस ती आली नाही. मी दुकानात बसून सारखा तपासतोय, रफिकभाई माझ्याकडे बघतायत.

"कोणाच्या मेलची वाट बघताय, भाऊ?"

"माझ्याच."

रफिकभाईंनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "उठा. आज जेवायला घरी चला."

* * *

चाकणच्या बाजूला दत्ताअण्णांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे एक जुना लॅपटॉप धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवतो. काच तडकलेली, निम्मी बटणं गायब. अपडेट करायला म्हणून गेलो आणि सहज बघितलं, किती दिवस चालू आहे.

"अण्णा, हा चारशे बारा दिवस एकदाही बंद झालेला नाही!"

अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय सांगता! तेवढ्यात माझं दोन ऑपरेटर गेलं, सुपरवायझर गेला. थोरला दुबईला गेला. ह्यो मात्र हाय!"

"पण अपडेटसाठी एकदा बंद करून चालू करावा लागेल."

अण्णांनी माझा हातच धरला. "न्हाई! बंद नका करू. गेलेलं परत येतंय व्हय?"

* * *

अश्विनी लातूरकडची. हिंजवडीत नोकरी, मारुंजीत खोली. कंपनीचा लॅपटॉप चकचकीत, पण तिला कॉलेजात घेतलेला जुनाच चालता करून हवा होता. केला. जायला निघाली आणि थांबली.

"काका, टर्मिनल उघडल्यावर आपल्याला हवं ते लिहून येऊ शकतं का?"

"येतं की! काय लिहू?"

"लिहा, 'जेवलीस का गं?'"

मी लिहिलं. जुन्या टर्मिनलला मराठी अक्षरं नीट जमत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत. तिने टर्मिनल उघडलं. काळ्या स्क्रीनवर ओळ आली. तिने ती वाचली, आणि खाली टाइप केलं, 'हो'. एंटर मारलं.

मशीन म्हणालं, 'हो: कमांड नॉट फाउंड'.

रफिकभाई मोठ्याने हसले. मीही हसलो. म्हटलं, "थांब, त्याला 'हो' शिकवतो. दोन मिनिटांचं काम आहे."

तिने हळूच झाकण मिटलं.

"नको काका, राहू द्या. मी 'हो' म्हटलं की आईचाही कधी विश्वास बसायचा नाही."